मारिया कॅलस: आवाज गोड नव्हता, तरीही

सारंगा

मागच्या आठवड्यात नाट्यसंगीताच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'ऑपेरा म्हणजे नुसतं किंचाळणं, त्यात गाणं कुठे असतं?' तिथे उत्तर दिलं नाही, कारण धाग्याचा विषय वेगळा होता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

मी सांगलीत अकरा वर्षं गाणं शिकले, ग्वाल्हेर गायकी. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं मिलानला होतो. शेजारी सत्तरीतल्या एक बाई राहायच्या. माझा सकाळचा भैरवचा रियाज भिंतीपलीकडे जायचा आणि आज ना उद्या तक्रार येणार या धास्तीनं मी आवाज दाबून गायचे. एके दिवशी दार वाजलं. बाई हातात कॅसेट घेऊन उभ्या. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, 'तू गातेस ना, मग हिला ऐक.' कॅसेटवर नाव होतं मारिया कॅलस, ऑपेरा गायिका.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती आवडली नाही. मधल्या सप्तकात आवाजावर पडदा टाकल्यासारखा, खाली गेला की छातीतून येणारा जाड सूर, आणि वर चढला की धार, कधी कधी अंगावर येणारी. तीन बायकांचे तीन आवाज एकाच गळ्यात बसवल्यासारखे. तिन्ही सप्तकांत आवाजाची जात एक राहावी म्हणून माझ्या गुरुजींनी माझ्यावर किती वर्षं मेहनत घेतली होती! त्या कानांना हे सगळं सदोषच वाटणार.

मग पुच्चिनीच्या 'टोस्का' या ऑपेराचा दुसरा अंक आला. १९५३ चं ध्वनिमुद्रण, वाद्यवृंदाचे संचालक व्हिक्टर दे साबाता, सोबत ज्युसेप्पे दि स्तेफानो आणि तितो गोब्बी. कथा आहे जून १८०० मधल्या रोमची. टोस्का स्वतः गायिका. पोलीसप्रमुख स्कार्पिया तिच्या प्रियकराचे शेजारच्या खोलीत हाल करवतो आणि त्याच्या जिवाच्या बदल्यात तिलाच मागतो. ती जेवणाच्या टेबलावरची सुरी उचलून त्याला भोसकते. तो मरतो. आता इथे कुठल्याही संगीतकाराला नायिकेच्या तोंडी मोठा चढा सूर घालायचा मोह झाला असता. पुच्चिनीनं घातला नाही. त्यानं तिला एकाच खालच्या सुरावर, जवळजवळ बोलल्यासारखं एक वाक्य दिलंय: 'आणि याच्यापुढे सगळं रोम थरथर कापत होतं.'

मला तेव्हा इटालियन येत नव्हतं, अर्थ नंतर कळला. पण कॅलसच्या तोंडून ते वाक्य आलं आणि माझ्या हातातलं काम थांबलं. त्यात तिरस्कार होता, शीण होता आणि चकित होणंही होतं, की एवढाच होता का हा माणूस? एका सुरावर, तानेशिवाय, मींडेशिवाय. त्या दिवशी मला कळलं की आवाजाच्या ज्या 'पडद्या'ला मी दोष म्हणत होते, त्यातूनच ती हा रंग काढतेय. नितळ, गोड गळ्याला ते वाक्य असं म्हणताच आलं नसतं.

मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. जन्म २ डिसेंबर १९२३, न्यूयॉर्क, आई-वडील ग्रीक. १९३७ मध्ये आई मुलींना घेऊन अथेन्सला परतली. तिथे तिला गुरू मिळाल्या एल्विरा दे इदाल्गो, स्वतः नावाजलेल्या स्पॅनिश गायिका. मारिया आपला पाठ झाला तरी घरी जायची नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्गातच बसून बाकीच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे पाठ ऐकायची, कारण कच्च्या विद्यार्थ्याच्या चुकीतूनही काहीतरी शिकता येतं अशी तिची समजूत होती. हे वाचून मला आपल्याकडची गुरूच्या घरची तालीम आठवली. तिथेही निम्मी विद्या दुसऱ्याची तालीम कानावर पडूनच येते.

तिची नजर फार अधू होती. रंगमंचावरून वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात तिला दिसायचाच नाही. त्यामुळे फक्त आपली भूमिका पाठ करून भागत नसे. इतरांच्या जागा, वाद्यांच्या जागा, सगळी संहिता ती डोक्यात ठेवायची. सहकलाकार सांगतात की तालमीला ती सगळ्यात आधी हजर असायची.

१९४७ मध्ये वेरोनाच्या रोमन काळातल्या खुल्या रंगमंडळात तिनं इटलीत पहिलं पाऊल ठेवलं, ते तुल्लिओ सेराफिन या जुन्या, मुरलेल्या संचालकाच्या हाताखाली. आणि १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसला तो प्रसंग घडला ज्यानंतर तिचं नाव इटलीभर झालं. ती वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डं गात होती. ही भूमिका म्हणजे ढालीसारख्या वाद्यवृंदाला छेदून जाणाऱ्या वजनदार आवाजाचं काम. त्याच वेळी बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'ची नायिका आजारी पडली. ही भूमिका अगदी उलट जातीची: हलका गळा, बारीक ताना, मुरक्या. सेराफिननं कॅलसला उभं केलं. आठवडाभरात, एकीकडे ब्रुनहिल्डंचे प्रयोग चालू असतानाच, तिनं ती भूमिका बसवली आणि गायली. भारदस्त ध्रुपद गाणाऱ्यानं त्याच आठवड्यात टप्प्याची मैफल जिंकावी, तसं.

माझ्या मते तिचा खरा वारसा इथून सुरू होतो. बेल्लिनी, डोनिझेत्ती, रोसिनी यांचे किती तरी ऑपेरा तेव्हा धूळ खात पडले होते. जे होत ते मधुर गळ्याच्या गायिकांनी तानांची आतषबाजी म्हणून गायचे. कॅलसनं दाखवून दिलं की त्या ताना भरीच्या नाहीत, त्या पात्राच्या मनःस्थितीतून निघतात. डोनिझेत्तीच्या 'लुचिया'मधली नायिका वेडी झालेली असताना गाते ती तान ही तिच्या वेडाचीच तऱ्हा आहे. एप्रिल १९५७ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात तिच्यासाठी डोनिझेत्तीचा 'आन्ना बोलेना' उभा राहिला, दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं, जवळजवळ विसरलं गेलेलं काम. आज ते जगभर होतं. पुढे जोन सदरलंड, मोन्सेरात काबाये या गायिका त्याच वाटेनं गेल्या. ती वाट कॅलसनं आधी रुळवली होती.

१६ सप्टेंबर १९७७ ला पॅरिसमध्ये ती गेली, वय ५३. रंगमंचावरचा शेवटचा ऑपेरा १९६५ मध्येच झाला होता, लंडनला, 'टोस्का'च.

इथल्या जाणकारांनी आणि नुसत्या ऐकणाऱ्यांनीही लिहा. कुठला ऑपेरा गायक तुमच्यात रुतून बसलाय, आणि का?

गवाक्ष

सारंगाताई, सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. मला ऑपेरातलं काही कळत नाही, तरी एक विचारतो. हे लोक माइकशिवाय गातात असं ऐकलंय. समोर साठ-सत्तर वादकांचा ताफा वाजत असताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो कसा? नुसत्या ताकदीवर?

पेटीवाला

गवाक्ष, नुसत्या ताकदीवर नाही. मी ध्वनिशास्त्र शिकवायचो आणि संध्याकाळी नाटकमंडळीत पेटी वाजवायचो, त्यामुळे हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय.

वाद्यवृंदाची सगळ्यात जास्त ऊर्जा साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते. त्याच्या वर ती उतरत जाते. शिकलेला ऑपेरा गायक, विशेषतः पुरुष गायक, स्वरयंत्र थोडं खाली ठेवतो आणि त्याच्या लगेच वरची पोकळी अशी आकसून घेतो की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजात एक वेगळा उंचवटा तयार होतो. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकानं १९७० च्या दशकात हे मोजून मांडलं. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो आणि आपला कान मात्र नेमका त्याच पट्ट्यात तिखट असतो. म्हणजे गायक वाद्यांशी मारामारी करत नाही, त्यांच्यात जी खिडकी उघडी आहे तिच्यातून आवाज बाहेर काढतो. इटालियन लोक त्या लकाकीला स्क्विल्लो म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात सुमारे ३८०० माणसं बसतात. तिथे शेवटच्या रांगेला जे ऐकू येतं ते या लकाकीमुळे.

बायकांच्या वरच्या सुरांचं गणित वेगळं. सूरच इतका उंच असतो की स्वराक्षराचा नैसर्गिक अनुनाद त्याच्या खाली राहतो. मग गायिका जबडा उघडून तो अनुनाद सुराच्या जागी वर आणते. आवाज भरतो, पण 'इ' काय आणि 'ए' काय, सगळं 'आ'कडे झुकतं. म्हणून उंचावर शब्द कळत नाहीत. त्यात गायिकेचा दोष नाही. 'किंचाळणं' म्हणणाऱ्यांचा कान तिथेच अडतो असं मला वाटतं. सारंगानं जे वाक्य सांगितलंय ते खालच्या सुरावर आहे हे म्हणूनच महत्त्वाचं. जिथे शब्द पोचवायचाच आहे तिथे पुच्चिनी आवाज खाली आणतो.

आपल्या नाटकांतही ध्वनिक्षेपक येण्याआधी हेच होतं. मंडपात हजार माणूस, बाहेर टांग्यांचा आवाज, आणि नटाला पद शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचंय. म्हणून जुन्या नटांच्या पट्ट्या उंच. काळी चार, पांढरी पाच ही मिरवायची गोष्ट नव्हती, ती गरज होती. आवाजात टोक असायचं. ऐकायला पातळ वाटेल, पण मंडपाच्या टोकाला तेच जायचं.

आडवाट

लेख चांगला आहे, पण मी तेबाल्दीच्या बाजूचा. कॅलसच्याच काळातली इटालियन गायिका रेनाता तेबाल्दी, तिचा आवाज ऐका, कुठेही सांधा नाही, मलईसारखा. गाणं हे आधी सूर आहे, नाट्य नंतर. कॅलसचे वरचे सूर १९५८ नंतर उघड उघड हलायला लागले होते, आणि तिचे चाहते त्यालाही 'भाव' म्हणतात. हे मला पटत नाही. शिवाय दोन वर्षांत ३० किलोंहून जास्त वजन घटवलं, आवाजाचा आधारच गेला. आणि २ जानेवारी १९५८ ला रोममध्ये 'नोर्मा'चा एक अंक गाऊन ती निघून गेली, प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष बसलेले असताना. मोठ्या कलावंताकडून ही अपेक्षा नाही.

सारंगा

आडवाट, तेबाल्दी मलाही प्रिय आहे आणि 'मलई' हा शब्द अगदी बरोबर. वरचे सूर हलायचे हेही खरं, मी ते भाव म्हणून खपवणार नाही. १९६० नंतरची काही ध्वनिमुद्रणं ऐकताना मला त्रास होतो.

वजनाचं मात्र मला पूर्ण पटत नाही. ती अथेन्सच्या विद्यार्थी प्रयोगात पहिल्यांदा मुख्य भूमिकेत उभी राहिली तेव्हा पंधरा वर्षांची होती. अठराव्या वर्षी टोस्का, विशीत तुरांदोत, इझोल्डं, ब्रुनहिल्डं. जी कामं गायिका पस्तिशीनंतर हातात घेतात ती तिनं गळा अजून पिकतोय तेव्हाच गायली. आमच्या गुरुजींचं म्हणणं होतं, गळा म्हणजे दुभतं जनावर, एका हंगामात सगळं दूध काढू नये. तिनं काढलं. परिस्थितीनं काढून घेतलं असंही म्हणता येईल, कारण जर्मनांच्या ताब्यातल्या अथेन्समध्ये गाण्यावर घरात खायला येत होतं.

रोमचं: तिला घशाचा आजार होता, बदली गायिका तयार ठेवलेली नव्हती. पुढे कोर्टात निकाल तिच्या बाजूनं लागला. पण वर्तमानपत्रांत निकाल छापून येईपर्यंत लोकांच्या मनातली गोष्ट पक्की झालेली असते.

सूर आधी की नाट्य आधी, यावर मात्र आपलं जमणार नाही, आणि नाही जमलं तरी चालेल. तिनं १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीत विद्यालयात तरुण गायकांना शिकवलं, त्या वर्गांची ध्वनिमुद्रणं आहेत. ती नाटक शिकवतच नाही हो. ती फक्त संहितेत काय लिहिलंय ते बघायला लावते: हा विराम किती मात्रांचा, हा सूर तुटक की जोडून, इथे श्वास का घेतलास. रंगमंचावर हात कधी उचलायचा हे हवं असेल तर वाद्यांकडे कान दे, संगीतकारानं हालचाल तिथे आधीच लिहून ठेवलीये, असं तिचं सांगणं. म्हणजे तिचं नाट्य सुरातूनच निघतं.

आडवाट

जुलियार्डचं माहीत नव्हतं. ऐकतो आणि मग लिहितो.

रानवारा

सारंगाताईंचा प्रश्न 'कोण रुतून बसलंय', तर माझ्यासाठी कारुसो. मी जुन्या तबकड्या जमवतो.

११ एप्रिल १९०२. मिलानच्या ग्रँड हॉटेलमधली एक खोली. फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कर्णा लावून बसलाय आणि २९ वर्षांचा एन्रिको कारुसो एका दुपारी दहा गाणी गाऊन, शंभर पौंड घेऊन जातो. याच हॉटेलात वर्षभरापूर्वी संगीतकार व्हेर्दीनं प्राण सोडले होते. तोपर्यंत बड्या गायकांना हे यंत्र म्हणजे खेळणं वाटायचं. कारुसोच्या तबकड्या खपल्या आणि यंत्राचं नशीब पालटलं. त्या कर्ण्याला खर्ज नीट पकडता यायचा नाही, वरच्या बारीक आवाजाचा ठणठणाट व्हायचा, पण कारुसोच्या मध्यम, भरीव टेनरला, म्हणजे पुरुषांच्या चढ्या जातीच्या आवाजाला, तो अगदी मानवला.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी हाच गैसबर्ग आगबोटीनं हिंदुस्थानात आला आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकडीच्या शेवटी ती ठसक्यात 'माय नेम इज गौहर जान' म्हणते. म्हणजे कारुसोचा आवाज टिपणारा माणूस सात महिन्यांनी आपल्याकडच्या गाण्यासमोर कर्णा लावून बसलेला होता.

मी ही दोन्ही मुद्रणं लागोपाठ लावतो तेव्हा प्रत्येक वेळी भाऊराव कोल्हटकर आठवतात. किर्लोस्कर मंडळीची शकुंतला, सुभद्रा. ज्यांच्या गाण्यासाठी लोक गाड्या जुंपून पन्नास-पन्नास मैल येत असं घरी ऐकत आलो, ते भाऊराव फेब्रुवारी १९०१ मध्ये गेले. ३८ पुरती नव्हती. गैसबर्ग पावणेदोन वर्षं उशिरा आला. भाऊरावांच्या आवाजाचा एक सूरही आपल्याकडे नाही. आहेत ती फक्त वर्णनं. कारुसोनंतरचा प्रत्येक टेनर कारुसोशी मोजला गेला, कारण तो ऐकता येतो. भाऊरावांशी कुणाला मोजणार आणि कसं?

पेटीवाला

रानवारा, हे वाचून पुढचं काही सुचेना, थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

माझ्या आजोबांनी भाऊरावांना ऐकलेलं. ते एवढंच सांगायचे की त्यांचा आवाज 'उजेडासारखा' होता. लहानपणी मला वाटायचं, आवाज कसा उजेडासारखा असेल? पन्नाशीत पोचल्यावर पावारोत्ती या इटालियन टेनरची एक तबकडी ऐकली आणि आजोबांचा शब्द कळला.

पावारोत्तीवरून एक गोष्ट. १९६५ मध्ये तो जोन सदरलंडबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याचं नाव झालेलं नव्हतं. रोजच्या प्रयोगांनी त्याचा गळा थकायचा, सदरलंडचा थकायचा नाही. त्यानं तिच्या बरगड्यांखाली हात ठेवून तिचा श्वास कुठे भरतो, कुठे धरला जातो, हे समजून घेतलं आणि तालीम करून स्वतःच्या अंगात उतरवलं. पुढे न्यूयॉर्कला १९७२ मध्ये एका गाण्यात नऊ वेळा वरचा सा, म्हणजे त्यांचा हाय सी, लावून त्यानं प्रेक्षकांना उभं केलं. त्या सुरांच्या मुळाशी तो श्वास होता. आणि सदरलंड स्वतः १९५२ मध्ये लंडनला कॅलसच्या 'नोर्मा'त दासीच्या छोट्या भूमिकेत होती, रोज विंगेतून तिला ऐकत. कॅलस, सदरलंड, पावारोत्ती. घराणं याहून वेगळं काय असतं?

मांडवीकाठ

धागा आवडलो. मराठीतच लिहितो.

गोव्यात हे गाणं परकं नव्हतं. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. जे मेस्त, म्हणजे गुरुजी, शिकवत ते कडक. आमच्या आजोबांच्या पिढीत ज्याला धड सही करता येत नव्हती तो चार सुरांची लिपी बघून गात होता. यातलेच लोक पुढे मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. तुम्ही ज्या जुन्या गाण्यांत व्हायोलिनचे ताफे ऐकता, त्यांत आमचे पुष्कळ.

आणि पॅट्रिशिया रोझारियोचं नाव इथे आलंच पाहिजे. मुंबईत जन्म, घराणं गोव्याचं, पुढे लंडन. जॉन टॅव्हनर या इंग्लिश संगीतकारानं तिचा गळा डोळ्यांसमोर ठेवून कितीतरी रचना लिहिल्या. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद पडलेलं होतं. ते ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्या मैफलीत ती गायली. शिवाय भारतातल्या तरुण गळ्यांना शिकवायला ती नवऱ्याबरोबर वरचेवर येत राहिली. तिच्या शिकवणीला आमच्या गावातली एक मुलगी गेली होती. सांगत होती, पहिले काही दिवस गाणं नाहीच, फक्त उभं राहणं आणि श्वास.

चाफा

सगळं वाचतेय, पण मी कोरी पाटी आहे. 'ऑपेरा हाऊस' म्हणजे माझ्यासाठी बसचा थांबा आणि हिऱ्यांचा बाजार. आत खरंच ऑपेरा व्हायचे?

पेटीवाला

चाफा, सुरुवातीला व्हायचे. १९११ मध्ये इमारत पुरी व्हायच्या आधीच पाचव्या जॉर्जनं उद्घाटन केलं. परदेशी मंडळ्या येत. पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ तिथे गायले, आणि नंतर ते बराच काळ सिनेमाचं थिएटर होतं. म्हणजे ऑपेरासाठी बांधलेल्या वास्तूत आपल्या संगीत नाटकानं संसार केला. मला त्यात काही विसंगत वाटत नाही. माइकशिवाय गाणाऱ्या माणसासाठी बांधलेली भिंत दोघांनाही तेवढीच साथ देते.

निळा_डोंगर

मी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणून गायिका मेरियन अँडरसनबद्दल लिहितो. ती याच शहरातली, जन्म १८९७. चर्चमधल्या लोकांनी पै-पैसा गोळा करून तिच्या शिकवणीचा खर्च केला. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहात तिला गाऊ दिलं नाही, कारण ती काळी. मग ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली. थंडी होती, अंगात कोट होता. समोर ७५,००० माणसं.

पण मेट्रोपॉलिटन ऑपेरानं तिला बोलावलं ते थेट जानेवारी १९५५ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी. व्हेर्दीच्या 'उन बाल्लो इन मास्केरा'त ज्योतिष सांगणाऱ्या उल्रिकाची भूमिका. तिच्याआधी तिथे एकाही काळ्या गायकाला मुख्य भूमिका मिळालेली नव्हती. आवाज तेव्हा उतरणीला लागलेला होता, ऐकताना ते कळतं. लिओन्टिन प्राइस १९६१ मध्ये तिथे 'इल त्रोव्हातोरे' गायली आणि पाऊण तासाच्या आसपास टाळ्या थांबल्या नाहीत. ते दार अँडरसननं उघडून ठेवलेलं होतं.

१९५७ मध्ये अँडरसन भारतातही गाऊन गेली. इथल्या कुणाच्या घरी ती आठवण असेल तर जरूर लिहा, मी बरीच वर्षं शोधतोय.

रानवारा

निळा_डोंगर, १९५७ ची आठवण नाही, पण तिच्या आवाजाची एक तबकडी माझ्याकडे आहे. खर्जात उतरते तेव्हा खोलीतल्या लाकडी वस्तू बोलायला लागतात.

चाफा

सारंगाताई, सुरुवात कुठून करू? एकदम तीन तासांचं झेपणार नाही.

सारंगा

चाफा, तीन तासांचं नकोच. तुला इटालियन येत नाही, म्हणून कथा आधी वाच. 'टोस्का'चा फक्त दुसरा अंक घे, पाऊण तासाच्या आत आहे. कॅलसचा १९५३ चा ऐक. मग जमलं तर लंडनच्या १९६४ च्या प्रयोगाचं याच अंकाचं चित्रमुद्रण बघ, समोर स्कार्पिया म्हणून परत गोब्बीच आहे. तोवर आवाज थकलाय, पण ती सुरी तिच्या नजरेस पडते त्या क्षणी तिच्याकडे बघ. ती काहीच 'करत' नाही. हात टेबलावर थांबतो, एवढंच.

त्यानंतर चव बदलायला 'ला बोएम'च्या पहिल्या अंकाचा शेवट, मिरेल्ला फ्रेनी आणि पावारोत्ती. दोघं एकाच गावची, मोदेनाची, दोघांच्या आया एकाच तंबाखूच्या कारखान्यात कामाला आणि दोघांना दूध पाजणारी दाईही एकच. त्यांना एकत्र गाताना ऐकलं की एकमेकांचा श्वास त्यांना ठाऊक आहे हे कळतं.

मिलानचं आणखी एक सांगायचं राहिलं होतं. व्हेर्दीनं म्हातारपणी तिथे एक घर बांधलं, थकलेल्या, हाती पैसा न उरलेल्या गायक-वादकांसाठी. आपल्या हयातीत ते उघडू दिलं नाही, लोकांनी आभार मानत यावं हे त्याला नको होतं. १९०२ मध्ये उघडलं, आणि त्याच्या ऑपेरांच्या मानधनावर कितीतरी दशकं चाललं. आजही तिथे वृद्ध कलावंत राहतात. तो आणि त्याची बायको ज्युसेप्पीना, जी स्वतः त्याच्या 'नाबुक्को'ची पहिली नायिका होती, दोघंही त्याच आवारात विसावलेत. कॅसेटवाल्या शेजारीणबाई मला तिथे घेऊन गेल्या होत्या, त्यांची मोठी बहीण तिथे राहायची. ला स्कालाच्या समूहगानात आयुष्य गेलेलं, नाव कधी जाहिरातीत आलेलं नाही. कॅलसच्या 'आन्ना बोलेना'त ती मागच्या रांगेत उभी होती. मी विचारलं, कशी होती हो ती? त्या म्हणाल्या, तालमीत ती कधी आवाज राखून गायची नाही, त्यामुळे आम्हालाही राखता यायचा नाही.

मग त्यांनी मला गायला सांगितलं. मी भैरवीतलं एक पद म्हटलं. शब्द कळत नव्हते तरी त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला होता, सम सोडून.

आडवाट

जुलियार्डचे वर्ग ऐकले, तीन रात्री. एका मुलाला ती एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावते आणि मध्ये स्वतः म्हणून दाखवते. आवाज फाटलेला आहे, तरी ती ओळ उभी राहते. सारंगाताई, तेबाल्दी माझी पहिलीच. पण 'सूर आधी, नाट्य नंतर' हे वाक्य मी मागे घेतो.

चाफा

काल रात्री मुलं झोपल्यावर दुसरा अंक ऐकला. कथा आधी वाचली होती. ते वाक्य येणार हे माहीत होतं, तरी आलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यानंतर ती त्याच्या प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते ना, तिथे फक्त वाद्यं आहेत, ती गातच नाही, आणि तरी मला तीच ऐकू येत होती. हे कसं होतं, कुणी सांगेल का?